घंगाळाच्या बुडावरचे नाव

पनवेल,
पौष महिना, सन १९५६

तीर्थस्वरूप दयारामकाकांच्या पायांवर कमळाकरचे डोके.

आपण मोऱ्याहून पाठवलेले सुके बोंबील पोचले. किती पाठवले होते तेवढे कळवावे. (संशय म्हणून विचारत नाही. हल्ली मला प्रत्येक गोष्टीचा दाखला लागतो, त्याची हकीकत पुढे येईलच.) आपला गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात आपण लिहिले होते की गुडघा अगदी बरा आहे, फक्त चालता येत नाही. ते वाक्य मी चंद्रावतीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की तुमच्या घराण्यात सगळे असेच बरे असतात. तेव्हा ती माझ्याशी बोलत होती. आता तिची प्रकृती उत्तम आहे पण बोलत नाही. दमयंतीचीही उत्तम आहे, तीही बोलत नाही. त्यामुळे घरात कमालीची शांतता असून शाळेतून आल्यावर मला पत्रे लिहायला भरपूर सवड मिळते. पत्रास कारण म्हणाल तर विशेष काही नाही, सहज आपली आठवण झाली. एवढेच की सुकापूरच्या मोकलांच्या जगनशी ठरलेले आपल्या नातीचे, दमयंतीचे लग्न मोडायला आले आहे, आणि ते मोडणारा हा कोण दुष्ट म्हणून आपण विचाराल तर त्याचेच अक्षर सध्या आपण वाचत आहात.

या सगळ्याचे मूळ आमच्या शेजारच्या वकिलांत आहे. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुण्यात छापून आला आणि त्यांनी तो मला ओटीवर बोलावून दाखवला. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, आत चारशे वर्षांची वंशावळ, आणि पहिल्या पानावर मूळपुरुषाचे चित्र. (मूळपुरुष हुबेहूब वकिलांसारखा दिसतो, फक्त पगडी घातलेली आहे. चित्रकाराला पैसे कोणी दिले हे त्यावरून कळते.) मी पाने उलटत होतो तेव्हा वकील सुपारी कातरत म्हणाले की तुमच्यात असले काही नसेलच म्हणा. काका, नुसते नसेल म्हणाले असते तर मी घरी येऊन जेवलो असतो. ते शेवटचे 'म्हणा' माझ्या पोटात गेले आणि तिथेच बसले. आपण गव्हाणचे घरत. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात पाय खारवून घेतलेली माणसे. आपल्यापैकी कोणी काही लिहून ठेवले नाही, कारण लिहिता कोणाला येत नव्हते आणि आले असते तरी मिठाशिवाय लिहायला विषय नव्हता. पण वकिलांच्या पूर्वजांना जसे आईबाप होते तसे आपल्याही असणारच. नाहीतर मी आलो कुठून?

ते पुस्तक मी मागून आणले आणि लाल पेन्सिल घेऊन वाचले. (शाळामास्तरची सवय, जात नाही.) पाहतो तो काय, पानोपानी 'असे सांगतात', 'अशी वदंता आहे', 'यास पुरावा उपलब्ध नाही परंतु'. म्हणजे चारशे वर्षांची वंशावळ आणि तिच्यात निम्मा भाग 'परंतु'. तेव्हाच मी ठरवले की घरतांचा कुलवृत्तांत लहान असला तरी चालेल, पण त्यात एकही गोष्ट दाखल्यावाचून जाणार नाही. कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, ऐकले तर कोणाकडून, हे सगळे वेगळ्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी तिच्या तिच्या जागी. त्यासाठी मी चंद्रावतीचे बिस्किटांचे तीन रिकामे डबे घेतले. (रिकामे म्हणजे त्यांत पापड होते.) एकावर लिहिले 'पाहिलेले', दुसऱ्यावर 'ऐकलेले' आणि तिसऱ्यावर 'म्हणे'. तिसरा डबा पहिल्याच आठवड्यात भरला आणि झाकण बसेना. पहिल्यात बरेच दिवस पापडाचे तुकडेच होते.

आपल्यालाही मी प्रश्नावली पाठवली होती, आठवत असेल. आपण प्रत्येक प्रश्नापुढे 'ठीक आहे' असे लिहून ती परत पाठवली. आपल्या आजोबांचे नाव काय? ठीक आहे. त्यांचा मृत्यू कशाने झाला? ठीक आहे. मी आपला पुतण्या असल्याने आपल्या अक्षराचा अनादर करू शकत नाही, म्हणून ती जशीच्या तशी तिसऱ्या डब्यात ठेवली आहे. पण आपण एकटेच नाही. गव्हाणात मी घरोघर हिंडलो तेव्हा असे आढळले की आपले सगळे पूर्वज आरमारात होते आणि सगळे सरदार होते. वल्ही कोण मारत होते ते कोणालाच ठाऊक नाही. जन्माची साले विचारावीत तर सगळा गाव एकच सांगतो, बांध फुटला त्या वर्षी. आता आपल्या खारीचा बांध फुटला नाही असे वर्ष मला तरी स्मरत नाही. आपली भावजय गुणाकाकू, तिचा जन्म बांध फुटला तेव्हा, लग्न बांध फुटला तेव्हा, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हींच्या मधे फार तर एक भाताचे पीक निघाले असेल. मी हे टिपून घेतले आणि तिला म्हटले की काकू, या हिशोबाने तुझे लग्न पाळण्यात झाले. ती म्हणाली, झाला असंल, मना काय ठावं, मी लहान व्हते.

वाघाची गोष्ट तर आपल्याला माहीतच आहे. आपल्या कोणा पणजोबांनी रानात नुसत्या कोयत्याने वाघ मारला. ही गोष्ट मला गव्हाणात तिघांनी सांगितली, तीही वेगवेगळ्या घरांत बसून. तीन स्वतंत्र साक्षी म्हणजे मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण पद्धत ती पद्धत, म्हणून मी प्रत्येकाला विचारले की तुम्हांला कोणी सांगितले. तिघांनीही गावातल्याच काशीरामचे नाव घेतले. काशीरामकडे गेलो, तो म्हणाला की मला तुझ्या वडिलांनी सांगितले. आता वडील तर वरती, त्यांना विचारायचे कसे? शेवटी गुणाकाकूने उलगडा केला. मी लहानपणी जेवताना फार रडायचो. तेव्हा घास भरवताना वडिलांनी हा वाघ तयार केला, माझ्या रडण्याच्या मानाने तो रोज थोडा वाढत गेला, आणि मी गप्प झालो तेव्हा मेला. म्हणजे काका, घराण्यातल्या सर्वांत मोठ्या पराक्रमाचा मूळ आधार मीच निघालो. ती चिठ्ठी कोणत्या डब्यात टाकावी हे मला अजून कळलेले नाही.

असा मी निराश झालो असता एके दिवशी पाणी पिताना हातातल्या तांब्याकडे लक्ष गेले. त्यावर टिंबाटिंबांनी चंद्रावतीच्या मामाचे नाव घातलेले होते. लग्नात दिलेले भांडे, देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, गाव, साल. मी तसाच उठलो आणि सगळी मांडणी खाली काढली. अहो, घराण्याचा दप्तरखाना रोज चिंचेने घासला जात होता आणि मी बाहेर बांध मोजत हिंडत होतो. माणूस खोटे बोलतो, कागदाला वाळवी लागते, पण तांबे खोटे बोलत नाही, हे वाक्य मला तिथेच सुचले आणि दुर्दैवाने ते मी पुष्कळ लोकांना बोलून दाखवले. पुढच्या रविवारी गव्हाणात जाऊन घरोघरची भांडी उपडी करायला लागलो. दोनचार घरे झाली असतील, तेवढ्यात गावात बोभाटा झाला की मास्तर जप्ती घेऊन आला आहे. बायकांनी हंडे, कळशा, पराती सगळे माळ्यावर चढवले. एका आजीने तर मला दारातच सांगितले की आमी पहिल्यापासून मडक्यातच शिजवताव.

शेवटी आपल्या मूळ घरी गेलो. तिथे आता गुणाकाकू एकटी असते. देवाच्या फळीखाली ते तांब्याचे मोठे घंगाळ आहे ना, दोन कड्यांचे, लाल फडक्याने झाकलेले? आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीचे आणि प्रत्येक सुनेचे हळदीचे पाणी त्यात काढले आहे आणि प्रत्येकीने आधी त्याच्या पाया पडून मग अंघोळ केली आहे. चंद्रावतीही पडली आहे. का पडायचे ते कोणी विचारले नाही, कारण आपल्याकडे पाया पडताना विचारत नाहीत. मी फडके काढले, घंगाळ उपडे केले आणि बुडावरची वर्षानुवर्षांची काजळी आणि हळद खरवडली. खाली टिंबांचे स्वच्छ अक्षर निघाले, 'तुळशीराम हिरू मोकल, सुकापूर', आणि शक.

काका, मी ते नाव तीनदा वाचले. दमयंतीचे लग्न सुकापूरच्या मोकलांतच ठरलेले, जगन हा त्याच तुळशीराम मोकलांचा पणतू, साखरपुडा तोंडावर आलेला, आणि त्याच तुळशीरामांचे नाव आपल्या देवाजवळ! वकिलांच्या चारशे वर्षांत असे काही घडले नव्हते. मी भराभर अनुमान बांधले. लग्नातला आहेर म्हणावा तर घेणाऱ्याचे नाव नाही. परक्याचे भांडे कोणी देवाशी ठेवत नाही, त्याच्या कोणी पाया पडत नाही. त्याअर्थी हे तुळशीराम आपलेच. त्याअर्थी गव्हाणचे घरत आणि सुकापूरचे मोकल ही एकाच झाडाची दोन खोडे, मधे केव्हातरी फुटून आडनाव बदललेली. (या 'केव्हातरी'ला पुरावा नव्हता, पण तेव्हा मी ज्या वाऱ्यावर होतो त्यावर 'केव्हातरी' चालून गेले.) मी सुरेख अक्षरात टिपण केले, खाली आधार म्हणून घंगाळाचा क्रमांक घातला, आणि पहिल्या डब्यात ठेवायच्या आधी ते सर्वांना वाचून दाखवायचे ठरवले. कुठे, तर साखरपुड्यात.

आपण गुडघ्यामुळे आला नाहीत ते एका परीने बरे झाले. मंडप मोठा होता, सुकापूरहून दोन गाड्या भरून माणसे आली होती, जगन नव्या टोपीत फार सोज्वळ दिसत होता. पुड्या वाटून झाल्या तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हटले की आजचा दिवस नुसता सोयरिकीचा नाही, आज दुरावलेले दोन भाऊ भेटत आहेत. मग टिपण वाचले. घंगाळ आणून ठेवले होते, ते उपडे करून नाव दाखवले. एकच रक्त, एकच मूळ, हे शब्द मी विशेष जोर देऊन म्हटले. मला वाटले टाळ्या पडतील. त्याऐवजी बाहेर बैलांच्या गळ्यातली घुंगरे तेवढी वाजली. चंद्रावतीने पदर तोंडाशी नेला. मला अजून काही उमजले नव्हते, मी हसतच उभा होतो. तेवढ्यात जगनची आत्या हौसा उठली. धिप्पाड बाई, आवाजही तसाच.

"एकच रगत हाय, मंग ही पोर जगनची बहीन झाली," ती म्हणाली. "मास्तर, भावाबहिनीचा लगीन लावताव?"

काका, आपल्यात भावकीत सोयरीक होत नाही हे शेंबड्या पोराला कळते. मला पन्नास पोरांना शिकवण्याचा पगार मिळतो. पण संशोधनाचे वारे अंगात शिरले की माणूस साध्या गोष्टींपलीकडे जातो, आणि मी फारच पलीकडे गेलो होतो. मी म्हटले की छे छे, कदाचित माझी चूक झाली असेल. त्यावर जगनचे आजोबा रामूबाबा मोकल, म्हणजे खुद्द त्या तुळशीरामांचे चिरंजीव, शांतपणे म्हणाले की मास्तर, आताच तुमी बोललाव, तांबा खोटा बोलत नाय. माझेच वाक्य माझ्या तोंडावर घालून मंडळी गाड्या जुंपून निघून गेली. जाताना रामूबाबा घंगाळापाशी मात्र थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले की आमच्या घरान असा एक घंगाल व्हता, माजी आई त्याची आठवन काडून रडायची. कुठं गेला इचारला तर म्हनायची, गेला. बस, तवराच.

त्या दिवसापासून घरात जी शांतता आहे तिचे वर्णन वर केलेच आहे. दमयंतीने दोन दिवस काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ले, पण भांडी अशी आदळली की शेजारून वकील डोकावून गेले. (त्यांना लग्न मोडल्याचे कळले आहे. दिलासा द्यायला आले आणि जाताना पुस्तक परत मागून नेले.) काका, मी थट्टेने लिहितो आहे खरे, पण पोरीचे तोंड बघवत नाही. जगन बंदरावर कारकून आहे, निर्व्यसनी आहे, आणि मुख्य म्हणजे तिला तो आवडतो. हे तिने मला सांगितलेले नाही, चंद्रावतीने सांगितले आहे, तरी मी ते पहिल्या डब्यात ठेवायला तयार आहे. पाचव्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, पुरावा शोधून तुम्ही लग्न मोडलंत. आता पुरावा शोधूनच जोडा," ती म्हणाली. "मी दुसरीकडे कुठे उभी राहणार नाही."

मी काय शोधणार? सुकापूरला दोनदा जाऊन आलो, आमचे संशोधन कच्चे आहे असे हात जोडून सांगितले. हौसाबाईंनी विचारले की संशोधन कच्चा, तर तो घंगाल तुमच्या देवापाशी आला कसा? परक्याच्या भांड्याच्या पाया पडताव काय? मी तसाच पनवेलला परत आलो. दरम्यान दमयंती गव्हाणला गुणाकाकूकडे जाऊन राहिली, मन रमावे म्हणून. आणि चार दिवसांनी दोघी एकदम पनवेलला माझ्या दारात. काकू ओटीवर बसली, पाणी प्यायली, तपकीर ओढली आणि म्हणाली:

"ता घंगाल तुज्या आज्यानी चोरून आनला. घाल आता तुज्या डब्यान."

मग सगळी हकीकत बाहेर आली. ती तिने स्वतःच्या सासूकडून, म्हणजे आपल्या मातोश्रींकडून ऐकलेली. आमचे आजोबा, आपले पूज्य वडील, विठू घरत, सुकापूरला मोकलांच्या घरी लग्नाला गेले होते. तिथे त्यांना पहिल्या पंगतीत बसवले नाही. दुसऱ्या पंगतीला बसले तर वडे संपले होते. (आपल्या घराण्यात वड्यांवरून काय काय झाले आहे याचा स्वतंत्र अध्याय होईल.) आजोबा उपाशी उठले, मागच्या दाराने गेले आणि ज्या घंगाळात वडे होते म्हणून सांगितले ते रिकामे घंगाळच उचलून त्यांनी गाडीत घातले. कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यात गोधडी घातली आणि गोधडीत आपल्याला बसवले. काका, आपण तेव्हा चारपाच वर्षांचे होता. वाटेत कोणी हटकले की आजोबा म्हणायचे, पोर निजलाय, हालवू नका. मागाहून सुकापूरचे लोक शोधत गव्हाणला आले, तेव्हा आजीने ते घंगाळ देवाच्या फळीखाली सारले, वर लाल फडके टाकले, हळदकुंकू वाहिले आणि हात जोडून समोर बसली. आलेल्या मंडळींनी देवाला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि ती परत गेली. एकदा वाहिलेले हळदकुंकू मग दर सणाला वाहावे लागले. सुना आल्या, त्या पाया पडल्या. अशी आपल्या घरची कुळाचाराची चाल पडली.

मी तासभर हसलो. मग लक्षात आले की यात लग्न आहे. घंगाळ चोरीचे असेल तर नाते नाही, आणि नाते नसेल तर अडचण नाही! तडक काकूला घेऊन सुकापूरला गेलो. मंडळींनी सगळे ऐकून घेतले. आश्चर्य म्हणजे कोणी रागावले नाही. उलट रामूबाबांचा चेहरा इतका उजळला की मला वाटले आता पान मागवतात. त्यांनी दोनदा विचारले, चोरीलाच गेला ना, नक्की? हौसाबाई तर शेजारणीला हाक मारून सांगायला लागल्या की आमचा घंगाल घरतांनी चोरला व्हता. पण रामूबाबा म्हातारे असले तरी माझा धडा त्यांनी नीट ऐकला होता. ते म्हणाले, "मास्तर, ही बाय त्या टायमाला तुमच्या घरान आली पन नव्हती. तिनी आयकला. पायलेला मानूस आना, मंग लगीन." आणि त्या क्षणी मला माझ्याच तीन डब्यांचा जो संताप आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

असो. थंडी बेताची आहे, डास पनवेलच्या लौकिकाला साजेसे आहेत. आपण प्रकृतीला जपावे. बोंबील फार रुचकर होते. लांबलेल्या मजकुराबद्दल क्षमा असावी आणि लोभ आहेच, तो गुडघ्याच्या मानाने वाढवावा.

आपला पुतण्या,
कमळाकर

ता. क. वर 'सहज आपली आठवण झाली' असे लिहिले आहे, ते पूर्णपणे खरे नाही. ज्यांनी ती चोरी डोळ्यांनी पाहिली, किंबहुना जे तिच्यात बसलेले होते, असे हयात गृहस्थ आपण एकटेच आहात. त्रास पडू नये म्हणून मसुदा देतो, आपण आपल्या अक्षरात उतरवून खाली सही करावी: 'मी, दयाराम विठू घरत, राहणार मोरा, खरे लिहून देतो की मी लहान असताना माझे वडील विठू घरत यांनी सुकापूरच्या तुळशीराम मोकल यांचे घरून तांब्याचे घंगाळ त्यांस न विचारता आणले. त्या वेळी मी घंगाळात होतो. घरत व मोकल यांचे रक्ताचे कोणतेही नाते नाही.' कृपा करून यापुढे 'ठीक आहे' लिहू नये.

ता. क. दुसरा. मोऱ्यात आपण देवळाचे पंच, चार माणसे आपल्याला भांडणे सोडवायला बोलावतात, आणि मी आपल्याच हातून आपल्या वडिलांना चोर म्हणवून घेतो आहे हे मला समजते. आजोबांना काय वाटेल हा प्रश्न माझ्याही मनात आला. वयाच्या मानाने त्यांची गाठ आपल्याशी आधी पडेल, तेव्हा माझ्यातर्फे आपणच समजूत घालावी. त्यांना एवढे सांगा की चारशे वर्षे मिरवणाऱ्या वकिलांच्या घराण्यात एकही गोष्ट धड शाबीत झालेली नाही, आणि घरतांची चोरी मात्र प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानिशी छापली जाईल.

ता. क. तिसरा. घंगाळ परत करायचे ठरले आहे, पण घरातल्या बायका म्हणतात की त्याच्या पाया पडल्याशिवाय आमची मुलगी बोहल्यावर चढणार नाही. तेव्हा दमयंतीची हळद त्यातच होईल आणि मग ते तिच्याबरोबर सुकापूरला जाईल. चंद्रावती आता थोडी बोलू लागली आहे. माझे अक्षर मोऱ्याच्या टपालवाल्याला लागत नाही, म्हणून पत्ता घालून पाकीट चिकटवायला दमयंतीकडे देतो. उत्तर येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. बोंबील असले तर उतरतो.

(आत घातलेली वेगळी चिठ्ठी)

आजोबांना दमयंतीचा नमस्कार.

बाबांनी पाकीट माझ्याकडे दिले म्हणून हे लिहिते. चोरीची गोष्ट खरी नाही. ती मी आणि गुणाआजीने गव्हाणला बसून केली. वडे माझे, तुम्हांला घंगाळात बसवायचे आजीने सुचवले. खरे काय ते तुम्हांला ठाऊकच असेल. एका वाईट वर्षी तुळशीराम मोकलांनी ते घंगाळ पनवेलच्या बाजारात विकायला आणले आणि पणजोबांनी रोख पैसे मोजून घेतले. मिठागरात राबून घरात आलेले ते पहिले मोठे भांडे, म्हणून पणजीने त्याला हळदकुंकू वाहिले. कोणी शोधायला आले नाही, कारण त्यांच्याकडे सांगायला तोंड नव्हते.

हे खरे सांगितले तर लग्न लागेल, पण आपल्या दारचे भांडे बाजारात गेले होते हे रामूबाबांना भरल्या मंडपात ऐकावे लागेल. त्यांच्या आईने ते मरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. मला त्या घरात जन्म काढायचा आहे. म्हणून बोल आपल्याकडे घेतला. बाबांना कळवू नका, ते खरे छापल्याशिवाय राहणार नाहीत.

सही करावी, पाया पडते. पणजोबांना वाईट वाटेल असे मला वाटत नाही. घरातल्या मुलींची हळद लागावी म्हणूनच त्यांनी ते घेतले होते.